मोनिकाचा मेणकिडा

श्रावणातली भुरभुर मोठी खट्याळ. छत्री उघडली की थांबते, मिटली की पडते. त्या दिवशी ती मोनिकाच्या काडेपेटीमागे लागली होती. पाटाच्या भरावावर उकिडवी बसून मोनिका काडी ओढायची, ज्योत तळहाताच्या आडोशाला धरायची, आणि वरून दोन थेंब येऊन ती विझवायचे. समोर मधपेटीतल्या खराब चौकटींचा ढीग पडला होता. एके काळी त्यांत मेण होतं, मध होता. आता नुसती पांढरी जाळी, काळी घाण, आणि तिच्यातून वळवळणाऱ्या मेणकिड्याच्या अळ्या.

“अहो... थांबा. जाळू नका.”

खाली रस्त्यावर एक स्कूटर थांबली होती. रेनकोट घातलेला एक उंच, सडपातळ तरुण धापा टाकत भराव चढून आला.

“का? तुमच्या आहेत का?” मोनिकाने विचारलं.

“नाहीत. पण मला हव्यात.”

“चौकटी?”

“अळ्या.”

मोनिकाने त्याला खालून वर न्याहाळलं. शिंगणापूरच्या रस्त्यावर राहणाऱ्याला नाना तऱ्हेची माणसं भेटतात. कुणी रुईची पानं कुठे मिळतील विचारतं, कुणी तेल, कुणी नुसतीच वाट. अळ्या मागणारा हा पहिलाच.

“वेड लागलंय का तुम्हाला?”

“अजून नाही. पण आज अळ्या मिळाल्या नाहीत तर... लागेल.”

तो खाली बसला आणि जाईची कळी खुडावी तशी एक अळी त्याने दोन बोटांत अलगद उचलली. “काय गुबगुबीत आहे हो,” तो मनापासून म्हणाला.

मोनिकाला हसावं की रागवावं कळेना. मधमाश्या पाळणाऱ्याच्या पेटीत मेणकिडा निघणं म्हणजे पुजाऱ्याच्या देवघरात झुरळ निघण्यासारखं. म्हणून तर ती घरापासून लांब, पाटावर येऊन हा कचरा जाळत होती. आणि हा त्याचं कौतुक करत होता.

“काय करता ह्यांचं?”

“खाऊ घालतो. सूत्रकृमींना.”

तो शब्द ऐकताच मोनिका मागे सरकली. “ते? आमच्या डाळिंबाच्या मुळ्यांना गाठी केल्या त्यांनी. बाबांनी अख्खी बाग उपटून टाकली. आणि त्यांना तुम्ही जेवू घालता?”

“ते वेगळे, हे वेगळे. आडनाव एक असलं म्हणून घर एक असतं का?” त्याने हेल्मेट काढलं. भिजलेले केस कपाळावर चिकटले होते. “ते मुळ्या खातात. हे मुळ्या खाणाऱ्याला खातात. तुमच्याकडे ऊस आहे?”

“आहे. हुमणीपण आहे.”

हुमणी ज्याने पाहिली नसेल त्याला सांगायला हवं. जमिनीखाली राहणारी ही जाडजूड पांढरी अळी, चंद्रकोरीसारखी वाकलेली. ती उसाच्या मुळ्या कुरतडते. वर ऊस पिवळा पडतो, आणि हाताने ओढला तर मुळ्याच नसल्यासारखा सहज वर येतो. औषध ओतावं तर ते मातीत तिच्यापर्यंत पोचेलच असं नाही.

“माझे सूत्रकृमी पोचतात,” तो म्हणाला. त्याचं नाव केदार. “डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. ओल्या मातीत सरपटत हुमणीला शोधून काढतात. तिच्या तोंडातून, श्वासाच्या छिद्रातून आत शिरतात. त्यांच्या पोटात त्यांचे स्वतःचे जिवाणू असतात, ते आत सोडले की हुमणीचा कारभार आटोपला. मग तिच्याच देहात ह्यांची पोरंबाळं वाढतात आणि पुढची हुमणी शोधायला बाहेर पडतात. पण ते वाढवायला मला आधी अळ्या लागतात... अशा.”

“आणि माझ्या माश्यांना काही केलं तर?”

“मातीबाहेर त्यांचं काही चालत नाही. ऊन लागलं की मरतात. वर उडणाऱ्यांच्या नादी ते लागत नाहीत.”

“आणि तुम्ही?”

शब्द कसे निसटले तिलाच कळलं नाही. केदार डब्याचं झाकण लावत होता, ते हातातून सुटलं आणि घरंगळत पाटाच्या पाण्यात गेलं. दोघंही त्या वाहत्या झाकणाकडे बघत राहिले, कारण एकमेकांकडे बघायची सोय उरली नव्हती.

केदार मूळचा नगरचा. शिक्षण पुण्यात झालं, आणि शिंगणापुरात रंगुबाईंच्या दोन खोल्या घेऊन त्याने आपली छोटी प्रयोगशाळा मांडली होती. त्या गावात घराला दार लावत नाहीत. केदारने चौकटीला दोन पदरी जाळीचा पडदा लावला, तेवढ्यावरही रंगुबाई आठवडाभर कुरकुरल्या होत्या. ओट्यावर त्या रुईच्या माळा ओवत बसायच्या, आणि आल्यागेल्यावर त्यांचाच पहारा असायचा.

“दार न्हाई म्हून कुनीबी शिरावं, आसं न्हाई,” त्यांनी मोनिकाला पहिल्याच दिवशी बजावलं. “भायेरनं हाक मारायची.”

“काय म्हणून हाक मारू, मावशी?”

“ते तुजं तू ठरीव. मला काय इचारती.”

शनिवारी यात्रेची गर्दी, म्हणून मोनिका सोमवारी येऊ लागली. पेट्या साफ करताना निघालेल्या अळ्या ती डब्यात घालून आणायची. तिच्या पेट्या डाळिंबाच्या बहराला, कांद्याच्या बियाण्याला लोक भाड्याने घेऊन जायचे, माश्यांनी फळ धरतं म्हणून. पावसाळ्यात मात्र फुलोरा नसतो, माश्या कमी होतात, आणि राखण नसलेल्या रिकाम्या फण्यांत मेणकिडा अंडी घालतो. भरलेल्या पेटीत त्याची हिंमत होत नाही. माश्याच त्याला ओढून बाहेर टाकतात.

केदारने तिला सगळं दाखवलं. बशीत ओला कागद, कागदावर अळ्या, वरून सूत्रकृमींचं पाणी. दोन दिवसांत अळी विटेसारखी लाल होते, तरी कुजत नाही. मग काही दिवसांनी तिच्या अंगातून सूत्रकृमी निघून खालच्या पाण्यात उतरतात.

“बघा भिंगातून.”

“नुसतं काळं दिसतंय.”

“केस... तुमचे केस आलेत मध्ये.” त्याचा हात पुढे आला, वाटेतच थबकला, आणि टेबलावरची पेन्सिल उचलून परत गेला. मोनिकाने आपणच बट कानामागे सारली. भिंगाखाली रेशमाच्या धाग्यांसारखे हजारो जीव लवलवत होते. पण तिच्या ध्यानात राहिला तो वाटेत थबकलेला हात.

असे सोमवार येत गेले. बाहेर कधी ऊन, कधी भुरभुर. आणि एका सोमवारी पडद्याआडून हसू ऐकू आलं.

बाईचं हसू.

मोनिका हाक मारायची थांबली. जाळीतून दिसलं ते असं: केदारच्या स्टुलावर एक मुलगी बसली होती, आखूड केस, चष्मा, आणि खांद्यावर केदारचा रेनकोट. बाहेर तर पाऊसही नव्हता.

“केद्या, अरे तू काय मध्ययुगात राहतोस का?” ती म्हणत होती. “पोळ्यांतून अळ्या वेचतोस? कोंडा, मध, ग्लिसरीन... डब्यात कालवायचं, वर अंडी सोडायची. पाहिजे तेवढ्या अळ्या.”

“मोनिका, या ना,” केदारला ती दिसली. “ही मैत्रेयी. आम्ही कॉलेजात बरोबर होतो. हिने काय आणलंय बघा. आता तुम्हाला पोळं खराब व्हायची वाट बघायला नको. दर सोमवारी एवढ्या लांब यायचा त्रासही वाचला.”

तो भल्या मनाने बोलत होता. पण मोनिकाला त्यातलं एवढंच ऐकू आलं, की आता यायला नको.

“त्रास कसला,” ती म्हणाली. “मी देवाला येते. जाता जाता हे ठेवत होते, इतकंच.”

मैत्रेयीने डबा उघडून पाहिला. “छान आहेत. पण एकसारख्या नाहीत, नाही का? पोळ्यातल्या म्हणजे लहान-मोठ्या असणारच.”

“घरच्या आहेत,” मोनिका म्हणाली. “साच्यातल्या नाहीत.”

ओट्यावर रंगुबाईंनी माळेतून मान वर केली नाही, पण आवाज खाली आणून म्हणाल्या, “ती पोरगी त्याला पुन्याला न्ह्याया आलीया. त्यो हो म्हनंस्तवर माज्याकडंच ऱ्हानार हाय. मोठी लॅब हाय म्हनं तिथं. लई मोठी. दारंबी हायेत.”

मोनिकाला घरची वाट लांब वाटली. मैत्रेयी वाईट असती तर बरं झालं असतं. वाईट माणसाचा राग करणं सोपं असतं. ही हुशार होती, मोकळी होती, आणि तिने “केद्या” म्हटलं की केदार वळून बघत होता. मोनिका त्याला “अहो” म्हणायची. त्या “अहो”ला वळून बघताना तो आधी पेन्सिल शोधायचा.

रेनकोट तर तिच्या डोळ्यांसमोरून हलेचना.

घरी आल्यावर ती पेट्यांपाशी गेली. कडेच्या एका पेटीत माश्या अगदी थोड्या उरल्या होत्या, आणि फण्यांवर मेणकिड्याची बारीक जाळी धरायला लागली होती. एरवी मोनिकाने रिकाम्या फण्या लगेच बाहेर काढल्या असत्या, तळ खरवडला असता, माश्या शेजारच्या पेटीत मिळवल्या असत्या. आज तिने झाकण उचललं, पाहिलं... आणि हळूच परत ठेवलं.

थोडे दिवस. एकदाच. कोंड्यावर वाढलेल्या अळ्यांपेक्षा ह्या चांगल्या, एवढं त्याला दिसू दे.

मत्सर माणसाला आधी हिशेब शिकवतो आणि मग त्याच हिशेबात चुकवतो. मधमाश्या पाळणारी मुलगी मेणकिड्याला खतपाणी घालते, हे कुणाला सांगून पटलं नसतं. पण मोनिका रोज झाकण उचलायची, अळ्या किती पोसल्या ते बघायची, आणि आत आपल्या माश्या किती उरल्या ते बघायचं टाळायची.

पुढच्या सोमवारी तिने डबा नेला तो जड होता. केदारने झाकण काढलं आणि एक अळी तळहातावर घेऊन पाहिली. मग त्याने ह्या अळ्या आणि मैत्रेयीच्या कोंड्यावरच्या अळ्या दोन बशांत ठेवून पाहिल्या. काही दिवसांनी मोनिकाच्या बशीतलं पाणी सूत्रकृमींनी दुधासारखं पांढरं झालं होतं. मैत्रेयीची बशी त्यामानाने निवळ होती.

“मानलं बाई,” मैत्रेयी हसून म्हणाली. “माझं कोंड्याचं प्रमाण चुकतंय कुठेतरी.”

केदार मात्र बशीकडे बघत नव्हता. “एवढ्या... एका वेळी कुठून निघाल्या?”

“निघाल्या,” मोनिका म्हणाली. “तुम्हाला अळ्यांशी काम आहे ना?”

जिंकल्यावर गोड वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तिच्या वडिलांच्या उसाची पाळी आली ती एका ओल्या संध्याकाळी. गोरक्षरावांना राजी करायला केदारला तीन चहा प्यावे लागले होते. “डाळिंब खाल्लं सूत्रकृमीनं, आता ऊसबी त्यालाच घालू व्हय?” हा त्यांचा सवाल. शेवटी पिवळ्या पडलेल्या एका पट्ट्यापुरतं त्यांनी हो म्हटलं, तेही ऊस तसाही जाणारच होता म्हणून.

केदारने पाठीवरचा पंप आधी तीनतीनदा धुवायला लावला. जुन्या औषधाचा वास राहिला तर बिचारे टाकीतच मरतील. नोझलची बारीक जाळी काढली, नाहीतर त्यातच अडकून पडतील. ऊन उतरेपर्यंत सगळ्यांना बांधावर बसवून ठेवलं.

“पाव्हन्यांवानी बडदास्त हाय की किड्यांची,” गोरक्षराव म्हणाले.

मग केदार सरीसरीने बुंध्याशी पाणी सोडत निघाला. मैत्रेयी त्याच्यामागे बादली घेऊन होती, त्याच रेनकोटात. मोनिका बांधावरून बघत होती. पाचटाचा ओला वास, पानांवर पावसाची कुजबुज, आणि उसातून येणारे दोन आवाज... एकमेकांची वाक्यं पुरी करणारे. उसाच्या पात्याने बोट कधी चिरलं ते तिला कळलंच नाही.

पट्टा उकरून बघायचा दिवस आला. त्या सकाळी मोनिका पेट्यांपाशी गेली. कडेच्या पेटीतून आवाज येत नव्हता. तिने कान लावला. काहीच नाही. शेजारची पेटी उघडली, तीही तशीच. ती पेटी मुळात अशक्त होती. राखण नव्हती, आणि मेणकिड्याला भिंत आडवी येत नाही. फण्यांवर जाळ्याचा कापूस पिंजला होता. उरलेल्या माश्या राणीला घेऊन कुठेतरी उठून गेल्या होत्या. तळाला काही मेलेल्या माश्या, पंख जाळ्यात गुरफटलेले.

ती तिथेच बसून होती, तेव्हा मागून केदार आला. मैत्रेयी बरोबर होती. तिला मोनिकाच्या पेट्या बघायच्या होत्या.

केदारने चौकट उचलली.

“हे चार दिवसांत होत नाही,” तो म्हणाला. “तुम्हाला दिसलं असणार.”

“दिसलं होतं.”

“मग?”

“होऊ दिलं.” मोनिकाने मान वर केली नाही. “जास्त अळ्या हव्या होत्या. चांगल्या. तिच्यापेक्षा.”

“माझ्यासाठी माश्या घालवल्यात?” केदारचा आवाज चढला नाही, पण कडक झाला. “मागितल्या होत्या मी? असल्या अळ्या मला नकोत. उद्यापासून एकही आणू नका.”

“नाही आणणार. तुम्हाला आता लागतही नाहीत. कोंड्याचा डबा आहे. पुणंपण आहे.” आता मात्र तिने डोळे पुसून सरळ त्याच्याकडे पाहिलं. “जळले मी. रेनकोटावरसुद्धा जळले. झालं?”

मैत्रेयीने गडबडीने अंगातला रेनकोट काढला आणि कुठे ठेवावा ते न कळून मोनिकाच्याच मांडीवर ठेवला.

“केद्या, आता तू सांगणार, की मी सांगू?”

केदार चौकटीकडे बघत राहिला.

“बरं, मीच सांगते,” मैत्रेयी म्हणाली. “मोनिका, हा कोंड्याचा डबा काही मी शोधलेला नाही. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा वर्गातल्या सगळ्यांना तो कालवायला ह्यानेच शिकवला. त्या दिवशी पोळ्यातल्या अळ्या बघून मला वाटलं, हा विसरला. पण मी कृती सांगत होते, आणि हा नव्याने ऐकतोय अशी मान हलवत होता. तेव्हाच मला शंका आली. काल विचारलं. म्हणाला, डबा केला असता तर सोमवारी कोण आलं असतं?” ती वळली. “मी काकांबरोबर उकरते. तुम्ही भांडा.”

ती उसाकडे गेली. मागे फक्त उरलेल्या पेट्यांची गुणगुण.

“म्हणजे... तुम्हाला माझ्या अळ्या कधी लागतच नव्हत्या?”

“पहिल्या दिवशी लागत होत्या. माझ्या सगळ्या मेल्या होत्या, नवीन सुरुवात करायची होती.” केदार तिच्यासमोर मातीत बसला. “नंतर... नंतर तुम्ही लागत होता. त्रास वाचला म्हणालो, तेही तुम्ही ‘तरी येईन’ म्हणाल म्हणून. तोंड उघडून बोललो असतो तर ह्या पेट्या वाचल्या असत्या. तुमच्यावर ओरडायचा मला हक्क नाही. निम्मी चूक माझी आहे.”

“निम्मी नाही,” मोनिका म्हणाली. “झाकण मी ठेवलं. ते माझंच.”

त्याने मान डोलावली. तिला तेच बरं वाटलं. त्याने तिची चूक गोड करून दिली असती, तर तिला तो आवडला नसता.

“पुण्याला जाणार?”

“तिने विचारलंय. अजून उत्तर दिलं नाही.”

“मग द्या.”

“काय देऊ?”

“नाही म्हणा,” मोनिका म्हणाली. “मला तुम्ही इथे हवे आहात. अळ्या असोत की नसोत.”

केदारचा हात पुढे आला. मध्ये उचलायला पेन्सिल नव्हती. त्याने तिचं पात्याने चिरलेलं बोट हातात घेतलं, आणि सोडलं नाही.

“गोरक्षकाका नाचायचे तेवढे राहिलेत,” उसातून मैत्रेयीचा आवाज आला. ती आणि गोरक्षराव बांधावर चढून आले. गोरक्षरावांच्या चिखलभरल्या तळहातावर हुमण्या होत्या, पांढऱ्या नव्हे, विटकरी लाल. निपचित.

“समद्या न्हाई मेल्या,” ते म्हणाले. “पन मेल्यात त्या झ्याक मेल्यात. लाल भडक.” मग त्यांची नजर त्या दोन हातांवर गेली. केदारने हात काढायचा प्रयत्न केला, मोनिकाने काढू दिला नाही. गोरक्षराव खाकरले, आणि हातातल्या हुमण्यांकडे फार बारकाईने बघू लागले. “मातीत बसतोय, म्हंजी मानूस बरा आसंल,” ते हुमण्यांनाच म्हणाले.

मोनिका उठली. रेनकोट झटकून तिने मैत्रेयीपुढे धरला.

“घाला. परतीच्या वाटेवर पाऊस लागेल.”

“खरंच?”

“हो. पण जाण्याआधी ते कोंड्याचं प्रमाण मला नीट शिकवून जा. अळ्या मी डब्यात वाढवणार. पेटीत पुन्हा एक दिसली तर त्याच दिवशी बाहेर.” ती थांबली. “आणि ह्यांना पुण्याला नेऊ नका.”

“नेऊन उपयोग काय,” मैत्रेयी बाही चढवत म्हणाली. “सोमवार आला की पळून येईल. शिकवते. पण एक अट आहे. इतकं सगळं झाल्यावर त्याला अहो, तुम्ही म्हणत बसू नका. केदार म्हणा सरळ.”

मोनिकाने वडिलांकडे पाहिलं. ते पाठमोरे होऊन उसाची पानं मोजल्यासारखं करत होते. मग तिने केदारकडे पाहिलं, आणि तिच्या कानांच्या पाळ्या त्या हुमण्यांइतक्याच लाल झाल्या.

“‘अहो’ सोडायचं नाही आमच्यात,” ती म्हणाली. “आता तर मुळीच नाही.”